उजव्या पायाचा ब्रेक

आरं कृष्णात, तू गेलं दोन म्हयनं रोज इच्यारतोयस, राजा बुलेट कुठाय, राजा बुलेट कवा आणतोयस. आज सांगतोच. शिवतेज, तूबी बस. च्या सांगा. मागावर बारा तास उभा राहून पाय भरून आल्यात माझं, पण हे सांगितल्याबिगर घरी जाववत न्हाई. फकस्त मधी बोलू नका, न्हायतर मला परत पैल्यापास्नं लावाय लागतंय.

तर आमचं आण्णा. एष्टीत ड्रायव्हर, तीस वर्षं, ते तुमाला ठाव हाय. गेल्या जूनला रिटायर झालं. हार घातला, नारळ दिला, फोटू काढला, आणि घरी आलं ते खाटंवर असं आडवं झालं की तीन दिवस उठलंच न्हाईत. आजारी न्हाई, ताप न्हाई, नुसतं थकलेलं. मी आईला म्हणलं, डाक्टरला दाखवूया का. आई म्हणली, "झोपू दे रं. मुक्कामाच्या गाडीवर बाकड्यावर झोपून तीस वर्षं काढल्यात त्येंनी. साठलेली झोप हाय." चौथ्या दिवशी उठलं, दाढी केली, च्या पिलं आणि आईला म्हणलं, "आता तुला रहिमतपूरला नेतो. मी सोता नेतो."

आता तुमी म्हणशीला, आपल्या इट्यापास्नं रहिमतपूर पन्नास किलोमीटर, त्यात काय एवढं. तर आईला गाडी लागती. एष्टीच्या ड्रायव्हरची बायको, घरात फ्यामिली पास, आणि ही बाई एष्टीत चढली की गाव सुटायच्या आत हिच्या हातात पिशवी. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, खिडकीला बसून झालं, पुढं बॉनेटजवळ बसून झालं. डिझेलचा वास नाकात गेला की संपलं. जीपमधीबी तेच. रेल्वे तर हिकडं न्हाईच. आण्णांनी सगळा मुलूख गाडीखाली घातला, आणि आई बसली घरात, त्येंचा डबा भरत.

रहिमतपूरला आईची थोरली बहीण, माझी मावशी. आदल्या दिवाळीत मावशीला लकवा मारला. अर्धं अंग गेलं. बोलतीया, पर उठता येत न्हाई. तिकडनं कोणबी आलं की एकच निरोप, धाकलीला बघायचंय. आई एकदा गेली एष्टीनं. पोचली ती पिळलेल्या फडक्यागत. मावशीच्या शेजारीच चटई टाकून हिला झोपवली. आई सांगती, "आजारी माणसाला बघाय गेले आणि आजारी माणसानंच एका हातानं मला पाणी पाजलं." सांगताना हसती, पर त्येच्यानंतर परत गेली न्हाई. लाजच वाटली तिला. आणि मावशी काय, आज हाय उद्या न्हाई.

मोटारसायकलवर मातूर आईला काय हुत न्हाई. कृष्णात, तुझ्याच हिरोहोंडावरनं नेलतं की तिला खानापूरला, आठवतंय? उलटी न्हाई, चक्कर न्हाई. पण उतरल्यावर कंबर धरून भितीला टेकून उभी राहिली, हलंचना. दुसऱ्याच्या रानात भांगलून भांगलून कंबर गेलीया तिची. तुझी गाडी चांगली हाय रं, मी नावं ठेवत न्हाई. पर मागची शीट म्हंजी पाट हाय आणि खड्ड्यात गाडी नाचती.

म्हंजी हिकडं आईची कंबर. तिकडं आण्णांचा डावा गुडघा. एष्टीचा क्लच दिवसातनं हजार येळा दाबायचा डाव्या पायानं. तीस वर्षाचा हिशेब तूच कर. जिना चढताना डावा पाय मागनं वडून घेत्यात.

फंडाचं पैसं हातात पडाय दिवाळी उजाडली. मग गाडीचा इषय निघाला. मी म्हणलं नवी घ्या. आण्णा म्हणलं, "नवी गाडी पोरांची. म्होरं वाकून बसा, मागं वर चढून बसा. मला जुन्या घाटणीची पायजे. बसल्यावर गाडीनं मला धरलं पायजे, मी गाडीला न्हाई. आणि हिला मागं खुर्चीत बसल्यागत वाटलं पायजे." सरळ पाठ, रुंद शीट, जड गाडी. तसल्या दोनच. एक बुलेट, न्हाईतर जुनी येझदी.

आता मी खरं सांगतो, लपवत न्हाई. बुलेट म्हणल्यावर माझ्या डोक्यात रहिमतपूर न्हवतं, मावशी न्हवती. माझ्या डोक्यात मी हुतो. इट्याच्या चौकातनं धडधड करत चाललोय आणि तुमी हितं च्या पीत बसलाय, हे. दुसऱ्या दिवशी मागावर सगळ्यांना सांगून मोकळा झालो की बुलेट येतीया. तुलाबी तवाच सांगितलं.

बुलेट हुती कडेपूरच्या हंबीरराव सुभेदाराची. मिल्ट्रीतनं रिटायर होऊन त्येंनी घेतलेली, दहा वर्षं पोरीगत सांभाळलेली. आता डोळ्यात मोतीबिंदू, पोरगा आसामला फौजेत, चालवणार कोण. सुभेदार सुट्टीवर यायचं ते आण्णांच्याच गाडीनं, तवापास्नंची वळख. निरोप आला, वैनींना घिऊन या, बसून बघू दे, ज्याला बसायचंय त्येनं बघाय पायजे.

पर कडेपूरला जायचं कशानं, तर एष्टीनं. आई म्हणली, येती मी. नाकाला लिंबू लावून बसली. आण्णा तिच्या शेजारी, आणि ड्रायव्हर आण्णांच्याच हाताखाली शिकलेला. त्येनं गाडी इतकी हळू चालवली की माणसं वरडाय लागली. तरी आई तिथं पोचायच्या आधी दोन येळा वकली. आण्णा पिशवी धरून बसलेलं. समोर बघत हुतं, रस्त्याकडं, जसं काय तेच चालवत्यात.

सुभेदार दारातच उभं. "जयभीम ड्रायव्हर."

"जयहिंद सुभेदार," आण्णा म्हणलं.

दोघंबी हसलं. हे त्येंचं जुनंच हाय म्हण. आईला पाणी दिलं, बाजल्यावर बसवली, अर्धा तास कुणी गाडीचं नावच काढलं न्हाई. मग सुभेदारांनी ताडपत्री काढली. काळी बुलेट, टाकीवर सोनेरी रेघ, एक वरखडा न्हाई. शिवतेज, मी पैल्यांदा तिच्या आरशात सोताचं तोंड बघितलं.

सुभेदारांनी आण्णांना नावानं हाक मारून मिल्ट्रीवाणी समजावलं. "यल्लाप्पा, नीट ऐक. हिचा गियर उजव्या पायात हाय. ब्रेक डाव्या. बाकी गाड्यांच्या उलटं. पैला गियर वर, बाकीचं खाली दाबत जायचं. किक उजवीकडं."

आण्णा खूश झालं. किक उजवीकडं म्हणल्यावर डाव्या गुडघ्याला तरास न्हाई. दोन किकंत गाडी सुरू. वस्तीला एकटंच एक चक्कर मारून आलं, सरळ पाठ, मान ताठ, एकदम सायब. मग आईला म्हणलं, बस.

आई बसली. शीट रुंद, पाय ठेवाय जागा. म्हणली, "हे बरं हाय की. खुर्चीत बसल्यागत वाटतंय." आणि आण्णांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. टप टप. ती आमच्या घरातली डबल बेल. आण्णा पाटंच्या ड्यूटीला निघायचं, दारात चपला घालून उभं राहायचं, आणि आईनं पाठीवर दोन थापा मारल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाईत. कंडक्टरनं दोरी दोनदा वडल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत न्हाई, तसंच. लहानपणी आमाला वाटायचं सगळ्यांच्याच घरात आसं असतंय.

तर गेली दोघं. उसाच्या मधनं सरळ रस्ता. मी आणि सुभेदार बांधावर उभं. सुभेदारांना लांबचं दिसत न्हाई, मला इच्यारत्यात, कसा चालवतोय? मी सांगतोय, झकास, झकास. आणि पुढं उसाच्या फडातनं एक बैलगाडी निघाली, भरलेली, एकदम आडवी.

मला लांबनं नुसतं एवढंच दिसलं की बुलेट थांबायच्या ऐवजी उडी मारल्यागत पुढं गेली, मग डावीकडं पाचटात घुसली आणि आडवी झाली. मी पळालो. पळताना पायातली चप्पल गेली, ती आजून गावली न्हाई.

आई चिखलात बसलेली. लागलं न्हाई फारसं, ढोपर खरचटलं. पर कंबरेला हिसका बसला, उठंचना. गाडीवानानं बैलं सोडून मदत केली. आण्णा गाडी उचलत न्हवतं, आईलाबी उचलत न्हवतं. आपल्या उजव्या पायाकडं बघत उभं हुतं. म्हणलं, "मी ब्रेक मारला. मी पुरता ब्रेक मारला."

मारला हुता रं. पर उजव्या पायानं. तीस वर्षं कोणबी आडवं आलं की उजवा पाय खाली, एष्टीचा ब्रेक तिथंच. हिथं उजव्या पायाखाली गियर. दुसऱ्यातनं गाडी तिसऱ्यात गेली आणि मूठ तशीच पिळलेली. तीस वर्षात आण्णांच्या हातनं कोंबडं मेलं न्हाई. बिनअपघात चालवली म्हणून डेपोनं बिल्ला दिलाय, भितीवर बाबासायबांच्या फोटूखाली टांगलाय. आणि पैल्यांदा बायकोला मागं बसवली तर हे.

सुभेदारांनी गाडीकडं बघितलंसुदिक न्हाई. "वैनी, लय लागलं का?" एवढंच. गावातनं जीप बोलावली. आई जीपमधी परत वकत आली, कंबर धरून. त्या दिवशी घरात चूल पेटली न्हाई, शेजारच्या केरबातात्यांकडनं भाकरी आली.

आता शाण्या माणसानं इथंच बुलेटचा नाद सोडला आसता. मी सोडला न्हाई. मी म्हणलं, आण्णा, सवय हुतीया. मी शिकवतो तुमाला. आईला टेकून बसाय गोधडीची उशी लावून दिली, आण्णांना खाटंवर बसवलं, डाव्या पायाखाली एक वीट ठेवली, उजव्या पायाखाली एक. डावी ब्रेक, उजवी गियर. आणि मी समोर उभा राहून वरडायचो, बैलगाडी. त्येंनी डावी वीट दाबायची. म्हस. डावी वीट. शाळंची पोरं. डावी वीट.

आठवडाभर केलं. कामावरनं आलो की हेच. आण्णा गुडघ्याला हात लावून वीट दाबायचं. सावकाश सांगितलं तर बरोबर. पर मी मधीच आचानक वरडलो की दहातनं सात येळा उजवा पाय खाली. आई भाकरी थापता थापता बघायची. एकदा म्हणली, "त्येंच्या डाव्या गुडघ्याला सूज आलीया, दिसतंय का तुला?" मी म्हणलं, आगं प्रॅक्टिस हाय. ती तव्याकडं वळली.

शेवटी आण्णांनीच दोन्ही विटा उचलून कडंला ठेवल्या. म्हणलं, "राजा, त्यो पाय तीस वर्षाचा हाय. डोक्याचं ऐकत न्हाई आता. मी दमलो बाबा." आणि आडवं झालं.

मला वाटलं, झालं, गाडीचा इषयच संपला. तर तिसऱ्या दिवशी आण्णा म्हणलं, सांगलीला चल. मार्केट यार्डात नानासो म्हणून हळदीचं आडते हायत, त्येंच्या गोदामात येझदी पडून हाय. नानासो आदी आण्णांच्याच सकाळच्या पैल्या एष्टीनं यायचं-जायचं, आता मारुतीत बसत्यात. आमी गेलो. गोदामात पोत्यांच्या मागं गाडी उभी, आणि वर हळदीची धूळ बसून सगळी पिवळी. लगीन लागायचं हाय आसं वाटत हुतं.

नानासो म्हणलं, "ड्रायव्हर, पुसून ने. आठ दिवस चालव. आवडली तर बघू काय ते. न्हाई आवडली तर आणून सोड, हळद पुसायचं कष्ट तुझं."

पुसली. मेरून रंग, दोन सायलेन्सर, शीट अशी गादीगत. आणि आण्णांनी वाकून पैल्यांदा काय बघितलं, तर ब्रेक. ब्रेक उजव्या पायात. बोटानं दाबून बघितला दोन-तीनदा. मग गियर. गियर डाव्या पायात, पर हिचा गियर टाचंनं-बोटानं पडतोय, गुडघा लावाय लागत न्हाई, आणि क्लच हातानं न्हाई दाबला तरी चालतंय. आण्णांचं तोंड जरा उजळलं.

"आणि किक?" मी म्हणलं.

नानासो म्हणलं, "हिची गंमत हीच. जो गियर, तीच किक. आत दाबायचा, मागं फिरवून उभा करायचा, आणि हाणायची. डावीकडनं."

डावीकडनं म्हणल्यावर आण्णांचं तोंड परत पडलं. माझं मातूर फुललं. खरं सांगतो म्हणलं न्हवं.

सांगलीत मी किक मारली, इट्याला आणली. आण्णा तासगावपास्नं चालवत आलं, सुंदर. उजव्या पायानं ब्रेक मारत्यात, गाडी जागच्या जागी. मी मागं बसलेलो, मला कुठं खड्डा लागला न्हाई. दारात आल्यावर आईनं गाडीला हात लावला, बोटाचा वास घेतला. म्हणली, "हळदीचा वास येतोय. डिझेलचा न्हाई."

पण दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर आण्णांनी किक मारून बघितली. बसून डाव्या पायानं मारली, गुडघ्यात कळ आली, उंबऱ्यावर बसून राहिलं. मग उतरून, गाडीच्या डाव्या अंगाला उभं राहून उजव्या पायानं मारून बघितली. तर अंगाचा सगळा भार डाव्या गुडघ्यावर, त्योच दुमडला. गाडीसकट पडायचं वाचलं. आईनं सांगितलं मला हे. म्हंजी गाडी हाय, चालवणारा हाय, बसणारी हाय, आणि सुरू करणारा एकटा मी. मी सकाळी आठाला जाणार, रातच्या आठाला येणार. रस्त्यात बंद पडली तर काय करायचं?

मी म्हणलं, आण्णा, दोन दिवस झालं, तीन दिवस झालं, गाडी नुसती उभीच हाय. कशाला उगच. सुभेदारांना मी निरोप धाडलाय, आयतवारी येत्यात ते, बुलेटचं नक्की करून टाकू. तवर तुमचा पाय वळंल. आण्णा खाटंवर हुतं. म्हणलं, "बरं."

नुसतं बरं. रागवलं आसतं तर मला सोपं गेलं आसतं.

आईनं येझदीजवळ जाऊन त्यो किकचा दांडा हातानं आत दाबला, मागं फिरवला, उभा केला, परत खाली आणला. मला वाटलं धूळ पुसतीया.

ह्या गेल्या गुरवारी काय झालं, तुमाला ठाव हाय, धा वाजता लाईट गेली. मालक म्हणला चार पातूर येत न्हाई, जावा घरी. मी सायकलवर घरी आलो तर दाराला कडी, आणि येझदी न्हाई.

केरबातात्या वट्ट्यावर बिडी वडत बसलेलं. मी म्हणलं, तात्या, गाडी कुठं गेली? कुणी नेली?

"तुझ्या बापानं."

"किक कुणी मारली?"

तात्यांनी धूर सोडला. "मी न्हाई बाबा मारली."

"मग कुणी?"

"जा की. लांब गेली नसत्याल. बघून ये."

मी सायकल हाणली कडेपूर रोडनं, रहिमतपूरची वाटबी तीच. उन्हाची. डोळ्याम्होरं तीच उसाची गाडी, तेच पाचट. दोन कोस गेलो आसंन, छाती फुटायची पाळी. तर पुढं रस्त्याकडंला लिंबाखाली येझदी उभी. आण्णा मैलाच्या दगडावर डावा पाय लांब करून बसलेलं. आई खाली धडप्यावर आडवी, सपाट, गुडघं वर करून, कंबर भुईला लावून. डोळं मिटलेलं. मला वाटलं संपलं, परत पडल्यात.

मग आण्णा बोललं ते मला ऐकू आलं. "झाली का कंबर?"

"थांबा जरा." मग थोड्या येळानं, "तुमचा गुडघा?"

"हाय आपला."

"आजून किती लांब हाय?"

"चाळीसच्या वर."

"म्हंजी आजून सात-आठ झाडं," आई म्हणली.

मी तिथंच सायकल बाभळीच्या आड घेतली. हाक मारावी वाटली, पर मारली न्हाई.

आई उठली. कुशीवर वळून, हात टेकून, मग गुडघ्यावर, मग उभी, कंबरेवर हात. धडपा झाडून घडी केला. आण्णा जाऊन गाडीवर बसलं, दोन्ही पाय भुईला. पेट्रोलचा कॉक चालू केला, चावी फिरवली, न्यूट्रल बघितलं, आणि हँडल धरून सरळ पुढं बघाय लागलं. एष्टीत बसत्यात तसं.

आणि आईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, गाडीच्या डाव्या अंगाला आली, किक आत दाबून उभी केली, एक हात आण्णांच्या खांद्यावर, एक शीटवर, आणि उजवा पाय वर उचलून हाणली किक.

न्हाई झाली. परत हाणली. पाय घसरला, चप्पल निघून रस्त्यावर. आण्णा म्हणलं, "दमानं." ती म्हणली, "तुमी मूठ बघा तुमची." चप्पल घातली. तिसरी. इंजिन जरा खोकलं. ती वाकून उभी राहिली, कंबर दाबत. चौथी हाणली आणि दोन्ही सायलेन्सरमधनं धूर आला.

आण्णांनी मागं बघितलं न्हाई. आई चढली, पदर खोचला, बूड नीट टेकवलं. आणि पाठीवर दोन थापा मारल्या. टप टप. मग गाडी हलली.

मी बाभळीखाली उभा राहिलो लय येळ. आवाज बंद झाला तरी. मला काय वाटत हुतं ते मला नीट सांगता येत न्हाई कृष्णात, तू हसू नको. मी आठ दिवस त्येंना विटा दाबाय लावलं. आणि मागनं कळलं, ही बाई माझ्या मागं, मी कामावर गेलो की, दुपारी केरबातात्यांना कोण येतंय का बघाय वट्ट्यावर बसवून किक मारायला शिकत हुती. पायाच्या नडगीवर ह्येवढा काळानिळा डाग हाय तिच्या. किक उलटी आली म्हण. मला म्हणलेली, खाटंचा पाय लागला.

शुकरवारी सांजच्याला आली परत. गाडीवरनं उतरली दोघं, एकमेकाला धरून. आण्णा खाटंवर, आई चटईवर. मी बाम आणला. आदी आण्णांच्या गुडघ्याला लावला, मग आईच्या कंबरंला. घरभर वास. मी म्हणलं, कसा झाला प्रवास.

"कंबर मोडली बघ," आई म्हणली. "जाताना नऊ ठिकाणी थांबलो, येताना बारा."

"मग एष्टी काय वाईट?"

"वकले न्हाई." डोळं मिटूनच म्हणली. "मावशीच्या उशाला बसले पुरती रात. पाणी मी पाजलं तिला. माझ्या हातानं."

मला वाटलं आण्णांना झोप लागलीया. तर तिकडनं आवाज आला, "म्हयन्यातनं एकदा जमंल. जास्त न्हाई." आणि खरंच घोराय लागलं.

काल आयतवार. सुभेदार आलं बुलेटचं नक्की करायला, एष्टीनं, गॉगल लावून. मी दारातच गाठलं, म्हणलं सुभेदार, माझी चूक झाली, मी फुकट निरोप धाडला. त्येंनी येझदी बघितली, जवळ जाऊन हात फिरवून. म्हणलं, ब्रेक कुठं? आण्णा म्हणलं, उजवीकडं. सुभेदार म्हणलं, "मग बरोबर हाय. आणि किक कोण मारतंय?" आण्णांनी नुसतं चुलीकडं बोट केलं. आई पदरानं हात पुसत बाहेर आली. सुभेदार लय येळ तिच्याकडं बघत राहिलं, मोतीबिंदूतनं किती दिसलं आसंल कुणास ठाव, आणि म्हणलं, "वैनी, तुमी आमच्या पलटणीत पायजे हुता. सकाळच्या थंडीत आमच्या गाड्या कुणाच्याच बापाला सुरू हुत न्हवत्या." आई म्हणली, "च्यात साखर चालती का तुमाला?"

बुलेट कडेपूरलाच हाय, ताडपत्रीखाली. येझदी आता सांगलीला परत जायची न्हाई. एवढंच.

हा बघ, ह्यो ट्यूबचा तुकडा. आत्ता येताना शिंदेच्या पंक्चरच्या दुकानातनं घेतला. किकच्या दांड्याला पाय घसरतोय तिचा, रबर झिजून गुळगुळीत झालंय. ह्यो तीन येढं गुंडाळायचा आणि वरनं तार आवळायची. कृष्णात, तुझ्याकडं पक्कड हाय न्हवं? दे की जरा, जाताना लावून टाकतो. ती झोपायच्या आदी एकदा पाय ठेवून बघू दे तिला.